रोशनीसाठी खोली: हैदराबादेतले चार दिवस

हैदराबादेत चार दिवस राहून मी ना चारमिनार पाहिला, ना गोवळकोंडा. चार दिवस मी फक्त जिने चढले आणि उतरले. माझ्या ब्लॉगवर किल्ले, घाट आणि कुठे काय खावं हे वाचायला येणाऱ्यांची आधीच माफी मागते. पण कुणाच्या ओळखीत परदेशातून शिकायला आलेलं पोर असेल, त्यांनी हे जरूर वाचावं. निदान मी केलेला मूर्खपणा तरी त्यांच्या हातून होणार नाही.

रोशनी मॉरिशसची. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर तिथल्या मुलांचे मराठीचे ऑनलाइन वर्ग घ्यायला लागले, त्यातली ही सगळ्यात चिवट विद्यार्थिनी. पाच पिढ्यांपूर्वी तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले. आता घरात तिथली क्रिओल भाषा बोलतात, पण गणपती बसतो, कोकणातल्या जाखडीसारखी झाकडी नाचतात आणि आजीला जुनी गाणी येतात. रोशनीचं मराठी मीच शिकवलेलं, त्यामुळे ते जरा पुस्तकी आहे. 'कृपया' आणि 'आपण' यांची कमतरता नाही. मला ती 'बाई' म्हणते, कारण पहिल्या तासाला मीच तसं सांगितलं होतं.

तिला हैदराबादच्या एका विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. मुंबईला उतरून ती आधी माझ्याकडे पुण्याला आली. दोन दिवस राहून जाणार होती. मी सहा दिवस ठेवून घेतली. खरं कारण सांगते, मला ती मिरवायची होती. आमच्या वाचनमंडळात नेली, जुन्या सहकाऱ्यांकडे नेली, 'बघा, मॉरिशसची आहे आणि कसं बोलते!' असं म्हणत फिरवली. सातव्या दिवशी विद्यापीठातून कळलं की परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह भरलं आहे, बाहेर सोय बघा. तेव्हा माझी तंद्री उतरली. अशा विद्यार्थ्याला भारतात आल्यापासून चौदा दिवसांत सरकारी नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीला राहण्याचा पक्का पत्ता लागतो. तोही नुसता भाडेकरार नाही. परदेशी माणूस आपल्याकडे राहतोय, हे घरमालकाने स्वतः ऑनलाइन कळवायचं असतं. त्या अर्जाला 'सी फॉर्म' म्हणतात. आमच्या हातात उरला होता एकच आठवडा, आणि बाकीचा मी खाल्ला होता. त्याच रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं काढली.

पुण्याहून रात्री निघणारी गाडी सकाळी नामपल्लीला, म्हणजे हैदराबाद स्टेशनला, पोचते. थ्री एसीचं तिकीट हजाराच्या आतबाहेर. लिंगमपल्लीनंतर गाडी रेंगाळते, तेव्हा तोंड धुऊन घ्यावं. स्टेशनबाहेर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं मिळतात. चहा दाट, गोड, आणि कप इतका लहान की दोन तरी लागतातच. रोशनीने तीन घेतले. समोरच्या लॉजच्या मॅनेजरने हसतमुखाने रजिस्टर पुढे केलं आणि तिचा पासपोर्ट पाहिल्याबरोबर मागे ओढलं.

"नक्को मॅडम. फॉरेनर कू नै रखते हम."

"का? ती विद्यार्थिनी आहे. आमच्याच माणसांतली आहे."

"सी-फॉर्म भरना पडता. पुलिस पूछती. कायकू झंझट?"

शेवटी काचीगुड्याजवळ एका जरा महागड्या हॉटेलात जागा मिळाली. तिथे त्यांनी बिनबोभाट फॉर्म भरला. ज्यांना हे काम माहीत असतं त्यांना ते दहा मिनिटांचं असतं, आणि ज्यांना माहीत नसतं त्यांना त्याची भीती वाटते, एवढाच फरक आहे. पण तो पासपोर्ट मागे सरकताना रोशनीचा चेहरा जसा झाला, तो माझ्या मनात बसला. आणि त्यातून मी नेमका उलटा धडा घेतला: पासपोर्ट शक्यतो दाखवायचाच नाही.

पहिले दोन दिवस आम्ही विद्यानगर, बरकतपुरा आणि नल्लकुंटा पायी पिंजून काढलं. हा भाग जुना, नोकरदारांचा. विद्यापीठ जवळ, दवाखाने भरपूर, आणि प्रत्येक चौथ्या फाटकावर 'टू-लेट'ची पाटी. पाट्या मात्र मन लावून वाचाव्यात. 'ओन्ली फॅमिली.' 'ओन्ली व्हेज.' एका पाटीवर 'नो बॅचलर्स, नो डॉग्ज' असं एकाच ओळीत होतं. सकाळी कोपऱ्यावरच्या टिफिन सेंटरवर पेसरट्टू म्हणजे मुगाचा डोसा, पोटात उपमा घातलेला, साठ रुपयांत मिळायचा. तो खाल्ला की दुपारपर्यंत चालायची ताकद येत होती. ऑगस्टचं ऊन चिकट होतं. मी छत्री घेऊन पुढे आणि रोशनी कागदपत्रांची फाइल छातीशी धरून मागे, अशी आमची वरात.

मुलींच्या खाजगी हॉस्टेलांत खाटा होत्या. तीन जणींच्या खोलीत जेवणासकट साडेसात हजार. पण वॉर्डनबाईंचा पहिला शब्द 'आधार'. रोशनीकडे आधार कार्ड कुठून असणार? बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला, कुणाला तरी फोन केला, आणि अगदी मायेने म्हणाल्या, "वद्दु अम्मा, वद्दु." नको म्हणून सांगताना इतक्या प्रेमाने सांगतात की भांडताही येत नाही. दुसरीकडे एका सद्गृहस्थांनी खोली दाखवली, पाण्याच्या वेळा सांगितल्या, मॉरिशस म्हणताच त्यांना बायकोला विचारायचं आठवलं. ते आत गेले आणि मुलगी बाहेर येऊन म्हणाली की खोली कालच गेली.

"बाई, आपण सर्वांत शेवटी मॉरिशस सांगता," रोशनी जिना उतरताना म्हणाली, "म्हणून त्यांना वाटतं की काहीतरी लपवलं होतं."

"तू गप्प राहा गं. मला माणसं कळतात," मी म्हणाले. हे वाक्य मी शाळेत तीस वर्षं म्हणत आले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला नल्लकुंट्यातल्या एका गल्लीत मी पाटीखाली उभी राहून मोठ्याने करवादत होते. माझे पाय दुखत होते आणि कुणावर तरी राग काढायचा होता. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला.

"अगं बाई, मराठी हायत का तुमी? वर या की. उनात कायला उभारलाव?"

कमलकाकू. वय सत्तरीच्या आसपास, नऊवारी नाही, सुती पातळ, कपाळावर मोठं कुंकू, हातात सोललेल्या शेंगा. मूळ घर उदगीरकडचं. सासरे निजामाच्या काळात शिकायला हैदराबादला आले ते इथेच राहिले. गावाकडे शेती अजून आहे, भावकी कसते. घरात मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात. गच्चीवर एक खोली, न्हाणीघर वेगळं, खिडकीसमोर कडुनिंबाचं झाड. भाडं सात हजार, दोन महिन्यांचं अ‍ॅडव्हान्स. पुण्यात या पैशात सायकल ठेवायलाही जागा मिळणार नाही. रोशनी खिडकीशी गेली आणि तिने गजाला हात लावला. दोन दिवसांत पहिल्यांदा ती कुठल्या तरी खोलीत पूर्ण आत शिरली होती.

काकूंनी चहा टाकला आणि मग आपल्याकडे जे विचारतात ते विचारलं. "हं. गाव कुठलं? आडनाव काय लेकराचं?"

आता थोडं समजावून सांगते. रोशनीचं आडनाव 'धोंडू' आहे. बोटीवर चढताना कारकुनाने तिच्या खापरपणजोबांना नाव विचारलं, त्यांनी धोंडू सांगितलं, आणि कागदावर तेच घराण्याचं नाव होऊन बसलं. मॉरिशसमधल्या कितीतरी मराठी घरांची अशीच गंमत आहे. गावाचं म्हणाल तर कुणालाच ठाऊक नाही. आणि मराठी घरात आडनाव आणि गाव या दोन किल्ल्या नसतील तर दार पुरतं उघडत नाही, हे मला, मराठी बाईला, कुणी सांगायला नको. आडनाव ऐकलं की आपण मनातल्या मनात माणसाला एका खणात ठेवतो आणि मग त्याच्याशी निवांत बोलतो. धोंडू म्हटलं की दहा प्रश्न, दहाव्या प्रश्नाला पासपोर्ट, आणि मग "खोली कालच गेली".

"जाधव," मी म्हणाले. "माझ्या चुलत बहिणीची मुलगी."

"जाधव? साताऱ्याकडचे का?"

"हो, हो. तिकडचेच."

सातारा काकूंनीच पुरवला, मी फक्त मान हलवली. रोशनीने कप खाली ठेवला. काकू खूश झाल्या, नातीला हाक मारून म्हणाल्या, "बग, साताऱ्याची ताई आलीय, तिच्यासंगं जरा नीट मराठी बोल." नात हसली. ती मराठी बोलते, पण मराठी वाचता येत नाही, हे काकूंनी तक्रारीच्या सुरात लगेच सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या सुट्टीत करार करायचं ठरलं.

मी इतकी खूश की तिथून थेट सुलतान बाजार गाठला. चादर, उशी, बादली, मग, दोरी, पायपुसणं. गर्दी एवढी की चालायला लागत नाही, मागचे लोकच पुढे नेतात. पण चादरींचा भाव निम्म्यावर येतो, थांबायची तयारी ठेवा. मी घासाघीस करत होते आणि रोशनी बाजूला निळी बादली धरून उभी होती.

"बाई, मी जाधव नाही."

"अगं, एकदा खोली मिळू दे. मग हळूच सांगू."

"माझ्या आजोबांना पुष्कळ लोकांनी सुचवलं होतं की चांगलं आडनाव लावा. त्यांनी लावलं नाही." एवढं बोलून तिला मराठी अपुरं पडलं असावं. पुढचं ती क्रिओलमध्ये पुटपुटली. मी विचारलं नाही. दुकानदाराने शेवटचा भाव सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं, आणि ते व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काकूंचा मुलगा स्टँप पेपर घेऊन बसला होता. मला म्हणाला, "आधारचा फोटो पाठवा, काकू." मी घसा खाकरला, अमुक आहे तमुक आहे करत राहिले. रोशनीने फाइल उघडली आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. मुलाने नाव मोठ्याने वाचलं. रोशनी धोंडू. मॉरिशस.

काकूंनी पासपोर्ट जवळ ओढून फोटो पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही तुमची भाची न्हाई?"

"नाही. माझी विद्यार्थिनी आहे. पण अगदी घरच्यासारखी—"

"मी फॉरेनवाली म्हनून नक्को म्हनलं असतं का न्हाई, काय की. म्हनलं बी असतं एखाद्या वेळेस. पन तुमी इचारायच्या आधीच खोटं बोल्लाव. उद्या पोलिस इचारला तर मी काय सांगू? सातारा सांगू का मॉरिशस?"

मुलगा सभ्य होता. म्हणाला, राहू द्या, दुसरीकडे बघा. आम्ही जिना उतरलो. निळी बादली आदल्या संध्याकाळीच गच्चीवर नेऊन ठेवली होती, ती आणायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी आम्ही आणखी सात ठिकाणी गेलो. सातही ठिकाणी मी खरं सांगितलं आणि सातही ठिकाणी नकार मिळाला, म्हणजे खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळतं असा कुणी समज करून घेऊ नये. विद्यापीठाच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या की शनिवारपर्यंत पत्ता द्या, नाहीतर नोंदणी रखडेल आणि प्रवेशही अडकेल. रोशनी तिथे रडली नाही. हॉटेलवर येऊन आईला फोन लावला आणि तेव्हा रडली. मला शब्द कळत नव्हते, पण 'बाई' हा शब्द दोनदा आला. ती मला दोष देत होती की माझी बाजू घेत होती, हे मला आजही माहीत नाही. मला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज निवृत्तीनंतर कधी वाटली नव्हती.

सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली. "बाई, मी काकूंकडे जाते. आपण येऊ नका."

"अगं, तुला त्यांची बोली कळणार नाही. मी नुसती कोपऱ्यात—"

"कृपया," ती म्हणाली.

मी गेले नाही. म्हणजे घरापर्यंत गेले नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टिफिन सेंटरवर बसले. इडली मागवली, ती खाल्ली, मग कॉफी घेतली, मग आणखी एक. टेबल अडवलंय म्हणून मालक सारखा बघत होता, म्हणून शेवटी वडाही घेतला. पाऊण तास झाला. मला वाटत होतं ती चुकीचं बोलेल, तिला रागावतील, ती रडत येईल. तिला सगळं नीट जमेल हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. सहा वर्षं जिला शिकवलं तिच्यावर माझा एवढाही विश्वास नव्हता, हे त्या वड्याबरोबर गिळावं लागलं.

दीड तासाने फोन वाजला. पलीकडे कमलकाकू. "बाई, तितं इडल्या कायला खाऊ लालाव? दिसतंय आमाला गच्चीवरून. वर या, भाकरी टाकलीय."

नंतर रोशनीने सांगितलं ते असं. तिने दारातच सांगितलं की मला आडनाव नाही, एका माणसाचं नाव आहे, ते माझ्या खापरपणजोबांचं. गाव माहीत नाही. परवा मी गप्प बसले, ती माझी चूक. मग बोलायला काही उरलं नाही म्हणून ती भिंतीवरचं मराठी कॅलेंडर वाचत उभी राहिली. काकूंनी विचारलं, वाचता येतं का? येतं. मग गणेशचतुर्थी कधी आहे सांग बरं, माझ्या डोळ्यांना बारीक दिसत नाही आणि घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. तिने तिथी सांगितली आणि म्हणाली, आमच्याकडे त्या दिवशी सुट्टी असते, सगळ्या देशाला. काकूंचा यावर विश्वास बसेना. तिने फोनवर मॉरिशसमधल्या कास्कावेल गावच्या देवळातली झाकडी दाखवली, स्वतःच्या आजीला फेर धरताना दाखवलं. काकूंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

मी वर गेले तेव्हा अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढलेली होती. मी ताटावर बसायच्या आधी हात जोडले. म्हणाले, काकू, माझं चुकलं. खोटं मी बोलले, तिने नाही.

"तुमची भीती कळली मला," काकू म्हणाल्या. "आमाला बी पन्नास वर्सं झाली हितं. तेलुगू मानसं इचारतेत, अम्मा, तुमचं ऊरु कुठलं, म्हंजे गाव. उदगीरला गेलं की भावकी म्हनती, आली हैदराबादवाली. आमच्या नातीला इचारा गाव कुठलं. नल्लकुंटा म्हनती. बराबरच हाय की तिचं." मग रोशनीच्या ताटात तूप सोडत म्हणाल्या, "धोंडू तर धोंडू. मानसाचं नाव हाय, चोरीचं न्हाई."

सी फॉर्म भरायला मात्र पूर्ण संध्याकाळ गेली. काकूंचा फोटो तीन वेळा चुकला, साइट दोनदा बंद पडली, ओटीपी मुलाच्या फोनवर आणि मुलगा किराणा आणायला गेलेला. काकू साइटला अस्सल हैदराबादी शिव्या घालत होत्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. रात्री आठच्या सुमाराला पावती आली. शुक्रवार होता.

जाणाऱ्यांसाठी थोडं: पुण्यात सहा दिवस घालवू नका. पासपोर्ट सगळ्यात आधी दाखवा, नकार लवकर मिळाला तर पाय वाचतात. सी फॉर्मची माहिती छापून न्या, घरमालकाची अर्धी भीती तिथेच जाते. वसतिगृहासाठी विद्यापीठाला विमानाचं तिकीट काढायच्या आधी विचारा. आणि पोर मोठं असेल तर त्याचं नाव-गाव त्यालाच सांगू द्या.

पुण्याला परत येऊन महिना झाला. आमच्या वाचनमंडळात मी हा सगळा किस्सा रंगवून सांगितला, फक्त 'जाधव' हा भाग गाळला. घरी येऊन मला कसंतरी झालं, म्हणून आज तो इथे लिहिला. माझ्या तोंडून ते नाव किती सहज गेलं, अडखळायलाही झालं नाही, हे अजून आठवतं. मी रोशनीला सगळीकडे 'आमचीच मुलगी' म्हणून मिरवत होते, आणि खरी वेळ आली तेव्हा तिच्या खापरपणजोबांना मीच दारातून परत पाठवलं. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

आता ती दर रविवारी फोन करते. आधी तासभर बोलायची. गेल्या रविवारी तिने नोंदणी पूर्ण झाल्याचं सांगितलं, वर्गातल्या मैत्रिणींचं सांगितलं. मी विचारणार होते की खायचं नीट मिळतंय ना, पाणी येतं ना, थंडीला पांघरूण पाठवू का. माझ्याकडे प्रश्नांची यादीच होती. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "रोश्ने, किती बोलतीस, भाकरी गार होऊ लाली!"

"बाई, ठेवते," ती म्हणाली. "घरी जेवायला बोलवतायत." आणि 'कृपया' वगैरे काहीही न म्हणता तिने फोन ठेवून दिला.